‘हायवे टच’च्या मागे लागण्याआधी गावाचा रस्ता आखा

राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या उपसरपंचांनी प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात असा. चौपदरी झालेला मुंबई–गोवा महामार्ग गावाच्या हद्दीतून साधारण अडीच किलोमीटर जातो. पूर्वेला तीन वाड्या, शाळा आणि ग्रामदेवतेचं देऊळ. पश्चिमेला दोन वाड्या आणि बहुतेक भातशेती. दुभाजक बंद झाल्यापासून पलीकडे जायला लांबचा वळसा पडतो, म्हणून पोरं सायकली सरळ उलट्या दिशेने घालतात. रस्त्याकडेच्या जमिनी मुंबई-पुण्याचे लोक ‘हायवे टच’ म्हणून घेतायत, त्यावर भराव पडतोय आणि पावसात मळ्यात पाणी तुंबतंय. ग्रामपंचायतीला यात स्वतःचा काही आराखडा करता येतो का, की सगळं वरूनच ठरणार? आणि आंबा-काजूच्या स्टॉलवाल्यांना उठवायचं की राहू द्यायचं?

नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गात. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी मुद्द्याचं. उपसरपंच, तुमच्या पत्रात जमीन, पाणी, पोरं आणि स्टॉल असे चार प्रश्न वेगवेगळे मांडलेत. माझ्या मते ते एकाच गोष्टीतून आलेत: गावाला स्वतःचा रस्ता उरलेला नाही. जुना एनएच-17 होता (2010 नंतर त्याचाच 66 झाला) तेव्हा तो महामार्ग होता आणि गावातली मधली वाटही होता. एसटीचा थांबा त्यावर, रेशनचं दुकान त्यावर, टपरी त्यावर, लग्नाची वरातही त्यावरूनच. दुपदरी रस्ता आणि मधूनमधून येणारा ट्रक, हे चालून गेलं. चौपदरीकरणात त्यातला गावाचा भाग काढून घेतला गेला आणि बदली काही मिळालं नाही. सर्व्हिस रोड मिळाला तोही तुकड्यातुकड्यांत. वहाळ (ओढा) आला की संपतो, पुढे पुन्हा सुरू होतो. तेव्हा महामार्गाच्या कडेने गाव पसरवायचा विचार डोक्यातून काढा आणि महामार्गाला समांतर, वाड्यांना जोडणारा एक आतला रस्ता आखा. जमिनीची किंमत त्या रस्त्यावर चढू द्या. बाकी सगळं या एका कामाला लटकलेलं आहे.

आता ‘हायवे टच’. हा शब्द जाहिरातीत फार गोड लागतो, पण टेप घेऊन जमिनीवर गेलात की गोडी उतरते. मोकळ्या मुलखात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा असते आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा. 40 मीटरच्या आत बांधकाम नाही. 40 ते 75 च्या पट्ट्यात महामार्गाच्या यंत्रणेची संमती घेऊनच. समजा तुमच्याकडे महामार्गाची एकूण हद्द 45 मीटर आहे. म्हणजे मध्यापासून साडेबावीस मीटरवर सरकारी दगड लागतो आणि तिथून प्लॉट सुरू होतो. रस्त्यालगत 50 मीटर आणि आत 40 मीटर, असा 2000 चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ 20 गुंठ्यांचा तुकडा घेतला. इमारत रेषेपर्यंतचे साडेसतरा मीटर सोडावे लागले. 50 गुणिले साडेसतरा, 875 चौरस मीटर. साडेआठ गुंठ्यांहून जास्त जागा अशी, जिच्यावर तुम्ही गवत वाढवू शकता आणि गाड्या उभ्या करू शकता. राहिलेले साडेबावीस मीटर पूर्णच्या पूर्ण नियंत्रण पट्ट्यात येतात. थोडक्यात, हायवे टचचा भाव देऊन घेतलेल्या त्या तुकड्यात परवानगीशिवाय वीट ठेवता येईल अशी एक फूटही जागा नाही.

त्यात ‘मध्य’ कुठला धरायचा, हे आणखी एक भानगडीचं प्रकरण. रुंदीकरण बऱ्याच ठिकाणी एकाच बाजूने झालंय, त्यामुळे जुना मध्य आणि नवा मध्य यांत फरक पडलाय. वस्तीच्या भागात आणि घाटात अंतरं वेगळी धरली जातात. म्हणून शेजाऱ्याने किती सोडलं हे बघून पाया खणू नका. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडून आपल्या सर्व्हे नंबरसमोरची इमारत रेषा लेखी मागवा आणि भूमी अभिलेखकडची मोजणी करून ती क-प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या अधिकृत नकाशावर दाखवून घ्या. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्याच्या दक्षिणेचा बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, ही विभागणी लक्षात ठेवा. तुमच्याकडच्या लोकांचे निम्मे अर्ज चुकीच्या कार्यालयात पडून असतात.

दुसरं, प्लॉट महामार्गाला लागून आहे म्हणून त्यावरून थेट महामार्गावर उतरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. 2002 च्या महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याने प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते. पेट्रोल पंप किंवा मोठं हॉटेल असेल तर गाडीचा वेग कमी करायला आणि वाढवायला वेगळी लेन स्वतःच्या खर्चाने बांधून द्यावी लागते, जवळच्या तिठ्यापासूनचं (तीन रस्ते मिळतात तिथपासूनचं) अंतर पाळावं लागतं. लोक काय करतात? रात्रीत गटारावर दोन पाइप टाकतात, वर मुरूम ओततात आणि सकाळी ‘रस्ता तयार’ म्हणून गिऱ्हाईक बोलावतात. तो पाइप जुलैत काय करतो ते पुढे सांगतो.

बिनशेतीचं कोकणातलं दुखणं वेगळं आहे, आणि घाटावरचे सल्लागार इथे हमखास आपटतात. महसूल संहितेच्या कलम 42-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची सोय दिली. देशावर ते सोपं आहे; पांढरीत, म्हणजे गावठाणात घट्ट वसलेलं गाव, भोवती शेत, टेप लावली की झालं. आपल्याकडे घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली. पुष्कळ गावांना नकाशावर घोषित गावठाणच नाही, आणि जिथे आहे तिथे वस्ती भलतीकडेच आहे. 200 मीटर कशापासून मोजायचे? त्यामुळे इथला खरेदीदार दलालाच्या तोंडी आश्वासनावर भातशेती घेतो आणि मग कळतं की ती प्रादेशिक योजनेत, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, शेती विभागात आहे. स्वामित्व योजनेचं ड्रोन सर्वेक्षणही गावठाणापुरतंच असल्याने त्याचा इथे फार उपयोग झाला नाही. ग्रामपंचायतीने करण्यासारखं काम म्हणजे वाड्यांच्या प्रत्यक्ष वस्तीचा नकाशा काढून गावठाण विस्ताराचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणं. वेळ लागतो, पण ज्या वाड्यांना रस्ता आणि पाणी पोचतं त्या वाड्या आधी घातल्या की घरं कुठे वाढावीत याला आपोआप दिशा मिळते.

विकणाऱ्यांनाही एक सांगा. सातबारावर तीस-चाळीस नावं, पोटहिस्सा झालेला नाही, आणि एक भाऊ मुंबईहून येऊन ‘माझ्या वाटणीचा’ रस्त्याकडचा तुकडा विकून जातो. घेणारा सामायिकात नाव लावतो, कुंपण मात्र रस्त्याकडेलाच घालतो. मागच्या भावांच्या शेताची बैलगाडीची वाट बंद! मग मामलेदार न्यायालय कायदा, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा, नाहीतर महसूल संहितेच्या 143 खाली बांधावरून रस्ता मागणं. दोन्ही मार्ग आहेत, दोन्हींत वर्षं जातात. विक्रीआधी वाटणी आणि फाळणी नकाशा झालेला असेल तर यातलं काहीच उद्भवत नाही.

आता पाण्याकडे येतो. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय, पण माझ्या लेखी हाच सगळ्यांत गंभीर भाग आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जेमतेम चार महिन्यांत. सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर) पडलेलं पाणी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भेगांतून खाली उतरतं, खालच्या चिकण थराशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यासारखं बाहेर येतं. तेच पऱ्ह्यांनी (लहान ओहोळांनी) आणि वहाळांनी मळ्यात, म्हणजे सखल भातशेतीत, तिथून खाडीला. पूर्वेच्या चढावरून पश्चिमेच्या मळ्याकडे जाणाऱ्या या प्रत्येक पऱ्ह्याला महामार्ग आडवा गेलाय. जुन्या रस्त्याला दर थोड्या अंतरावर, खालून पाणी जायला, दगडी मोरी असायची. लहान, पण प्रत्येक पऱ्ह्याला तिची तिची. नव्या रस्त्याचा भराव उंच आणि रुंद, त्यामुळे दोन-तीन पऱ्हे बाजूच्या गटाराने ओढून एकाच मोरीला जोडले गेले. कागदावर हिशेब बरोबर येतो. जमिनीवर मात्र त्या मोरीच्या तोंडाशी पूर्वी एक पऱ्हा होता, आता तिघांचं पाणी एकाच शेतकऱ्याच्या खाचरात उतरतं. त्याचा बांध पहिल्याच मोठ्या सरीला फुटतो आणि शेजारचा, ज्याला पूर्वी पाणी मिळायचं, तो लावणीला आभाळाकडे बघत बसतो.

मोरी तपासायची कशी ते सांगतो, कारण अधिकारी येतात तेव्हा गावकरी नुसते ‘पाणी भरतं साहेब’ म्हणतात आणि साहेब ‘बघतो’ म्हणून जातात. वरच्या बाजूला उभं राहून पऱ्ह्याचा मूळ तळ बघा, मग मोरीचा तळ. मोरीचा तळ पऱ्ह्याच्या तळापेक्षा हातभर जरी वर बसवलेला असेल तरी वरच्या बाजूला कायमचं डबकं होणार, त्यात गाळ बसणार आणि दोन पावसाळ्यांत निम्मी मोरी बुजणार. मग खालच्या तोंडाला जा. तिथे पाणी पडतं त्या जागी दगडी फरशी किंवा पिचिंग आहे का? नसेल तर खड्डा पडलेला दिसेल आणि मोरीची जीभ अधांतरी लोंबत असेल. तिसरं, मोरीपासून पुढे मूळ वहाळापर्यंत पाण्याला सलग वाट आहे का, की महामार्गाची हद्द संपते तिथे गटार कुणाच्या तरी शेतात सोडून दिलंय? चौथं म्हणजे ते रात्रीत टाकलेले पाइप. बाजूच्या गटाराची रुंदी मीटरभर आणि त्यात प्लॉटवाल्याने टाकलेला पाइप फूटभर व्यासाचा. पालापाचोळा अडकला की गटाराचं सगळं पाणी महामार्गावर चढतं किंवा मागे मळ्यात शिरतं. अशा प्रत्येक ठिकाणचा फोटो, सर्व्हे नंबर, तारीख आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ पाणी राहिलं याची नोंद करा. मे महिन्यात मोरी कोरडी असते आणि सगळंच ठीक दिसतं. संयुक्त पाहणी जून-जुलैत मागा. पत्र मात्र एप्रिलमध्येच द्या, म्हणजे ‘आता पावसात काय करणार’ हे उत्तर मिळणार नाही.

प्लॉटवाल्यांच्या भरावावर तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नाले-ओढे सरकारचे. सातबारावर त्यांची नोंद नसली तरी. गावनकाशावर पऱ्हा दाखवलेला असेल तर तो बुजवणं हा सरळ सरकारी जागेला हात घालण्याचा प्रकार आहे. भरावाचा मुरूम आला कुठून, त्याची रॉयल्टी भरली का, हे तहसीलदारांना विचारा. कलम 48(7) ची नोटीस आली की डंपर दुसऱ्या दिवशी थांबतात, असा अनुभव आहे. ग्रामसभेत आरडाओरडा करून थांबत नाहीत.

डोंगराच्या बाजूचे प्लॉट हा याच गोष्टीचा दुसरा चेहरा. जागा सपाट करायला जेसीबीने मागचा उतार उभा कापतात. उन्हाळ्यात चिरा भिंतीसारखा ताठ उभा राहतो आणि मालकाला वाटतं, कातळच आहे. पावसात मागून पाण्याचा दाब येतो, चिऱ्याखालची चिकणमाती घसरते आणि वरचा ताठ चिरा खाली बसतो. परशुराम घाटात चौपदरीकरणाच्या कापणीनंतर दरडींनी काय केलं ते सगळ्या जिल्ह्याने बघितलं. तिथे निदान संरक्षक भिंती आणि यंत्रणा होती. तुमच्या गावात हॉटेलच्या मागची दरड कोसळली तर वर वाडी आहे. कापणी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर पाणी काढायची चर आणि भिंतीला पाणी झिरपायची भोकं, एवढं तरी बघितल्याशिवाय ग्रामपंचायतीने नाहरकत देऊ नये. 22 जुलै 2021 ला एकाच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात होतं आणि महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला. तेव्हा ‘आमच्याकडे कधी झालं नाही’ या वाक्यावर कुणी अवलंबून राहू नये.

रस्ता ओलांडण्याकडे वळतो. कणकवलीजवळच्या एका गावात एक म्हातारी मला म्हणाली होती, “रस्तो आमच्या दारात इलो, पण आमका पलीकडे जावक वाट नाय रवली.” याहून नेमका अहवाल मी कुठल्या सल्लागाराचा वाचलेला नाही.

दुभाजक फोडून मागू नका. लोक भावनेने तेच मागतात, कधी रात्री स्वतःच फोडतात, आणि सगळ्यांत जास्त माणसं तिथेच मरतात. उतारावरून वेगात येणारा ट्रक, फोडलेल्या दुभाजकातून अर्धी बाहेर आलेली दुचाकी. पुढचं सांगायला नको. मागायचा तो भुयारी मार्ग, आणि तो मागताना कुठला हे स्पष्ट लिहायचं. पादचारी आणि गुरांसाठीचा साधारण सात मीटर रुंद, तीन मीटर उंच असतो. त्यातून माणसं, गुरं, रिक्षा जातील. एसटी जाणार नाही आणि गवताने भरलेला टेम्पोही अडकेल. शाळा-देऊळ एका बाजूला आणि दोन वाड्या दुसऱ्या बाजूला आहेत म्हटल्यावर तुमची मागणी वाहनांच्या भुयारी मार्गाची असली पाहिजे. जागा भरावाच्या भागात निवडा, कापणीत नको. जिथे रस्ता आधीच चार-पाच मीटर वर आहे तिथे खालून काढणं स्वस्त पडतं आणि पाणी साचत नाही. मोठ्या वहाळावरच्या पुलाला कडेचा एक गाळा जास्त उंचीचा असेल तर त्याखालून पायवाट काढणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, पण पूररेषा बघूनच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल. ज्या वाटेवर श्रावणात कमरेएवढं पाणी येतं ती शाळेची वाट होऊ शकत नाही.

मागणीला वजन येतं ते आकड्यांनी. अपघातप्रवण स्थळाची केंद्राची व्याख्या अशी: महामार्गाच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. पोलीस ठाण्यातून गेल्या तीन वर्षांच्या नोंदी माहिती अधिकारात काढा आणि प्रत्येकाचा किलोमीटरचा दगड नकाशावर मांडा. हिशेबात बसत असेल तर दुरुस्तीसाठी वेगळा निधी आहे आणि विषय जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे नेता येतो. बसत नसेल तरी तो नकाशा घेऊन जा. हातखंब्याचा उतार आणि तिठा वर्षानुवर्षं बातम्यांत आहे म्हणून तिकडे लक्ष जातं. तुमच्या गावातले चार अपघात चार वेगवेगळ्या बातम्यांत विरून जातात.

आता आतला रस्ता. तुमच्या गावात पूर्वेच्या तीन वाड्यांना जोडणारी जुनी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आणि पुढे बैलगाडीची पाणंद असणारच, बहुतेक गावांत असते. तीच धरून चला. नवी सरळ रेष आखण्यापेक्षा जुन्या वाटेला रुंद करणं कमी भांडणाचं, कारण तिथे गडगे (दगडी कुंपणं) आधीच मागे आहेत आणि वहिवाट सगळ्यांना मान्य आहे. पाखाडीचा चढाचा भाग गाडीला चालणार नाही, तिथे वळसा घ्यावा लागेल. पाखाडी मात्र मोडू नका, पायी जायला तिच्यासारखी वाट नाही. डांबर पावणेचार मीटरचं पुरेल, पण जागा नऊ मीटर तरी ठेवा. आज डांबराइतकीच जागा घेतलीत तर गटार कुठे काढणार, विजेचे खांब कुठे, दोन एसटी समोरासमोर आल्या तर काय? सड्यावरून जात असाल तर आधी गावातल्या गुराख्यांना विचारा आणि कातळ झाडून बघा. राजापूर तालुक्यात कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं, कुठे निघतील याचा नेम नाही.

जागा मिळवणं हे खरं काम. नुसत्या स्टॅम्पवरची संमतीपत्रं म्हणजे काहीच नव्हे. देणारा गेला, की मुलगा मुंबईहून येऊन ‘बाबांनी सही केली ती आम्हाला मान्य नाही’ म्हणतो आणि रस्त्यात चिऱ्याची भिंत उभी राहते. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांनी; त्यावरून फेरफार, मग मोजणी. त्यानंतर तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना 23 मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत चढवा आणि जिल्हा परिषदेकडून ग्रामीण मार्गाचा क्रमांक मिळवा. क्रमांक नसलेल्या रस्त्याला निधी मागायला गेलं की प्रत्येक टेबलावरून तो परत येतो. क्रमांक आला की पंचवीस-पंधरा (ग्रामविकास खात्याचा 2515 या लेखाशीर्षाखालचा निधी) असो, ग्रामसडक योजना असो, आमदार निधी असो, दार उघडतं. मुंबईतल्या सह्या हा सगळ्यांत अवघड भाग. त्या गणपतीत घ्या. त्या आठवड्यात सगळं गाव घरी असतं आणि माणसं जरा मऊही असतात. शिमग्यालाही जमतं, पण पालखीच्या मानापानाची भांडणं निघाली तर रस्ता त्यात वाहून जातो.

जमीन देणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न सभेत येईलच. सरळ सांगा: महामार्गाकडची दहा गुंठे जागा इमारत रेषेत अडकते, आतल्या नऊ मीटर रस्त्यावरच्या दहा गुंठ्यांत घरही होतं आणि होमस्टेही. प्रवाशांसाठी रस्त्याकडचं हॉटेल चालवायचं असेल त्यानेही आतल्या रस्त्यावर बांधावं आणि महामार्गावर फक्त पाटी लावावी, तीही परवानगीने. सर्व्हिस रोडला किंवा भुयारी मार्गाला जिथे आतला रस्ता मिळतो, ती जागा काही वर्षांत गावाची बाजारपेठ होते. तिथली जमीन आत्ताच कुणा एकाच्या हाती जाऊ देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या अधिकारांबद्दल उगाच मोठ्या अपेक्षा ठेवू नका, आणि उगाच हातही टेकू नका. 1966 च्या नगररचना कायद्याखाली ग्रामपंचायत ही नियोजन प्राधिकरण नाही. गाव प्रादेशिक योजनेत असतं आणि बांधकामाला 2020 ची एकात्मिक नियमावली लागू होते. पण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 खाली बांधकामावर आणि 53 खाली सार्वजनिक रस्त्यावरच्या अडथळ्यांवर तुमचं नियंत्रण आहे. नाहरकत देताना अटी घालता येतात. वार्षिक विकास आराखड्यात आतला रस्ता, गटारं आणि मोऱ्या पहिल्या क्रमांकाला ठेवता येतात. प्रादेशिक योजनेत बदल हवा असेल तर तो नगररचना कायद्याच्या कलम 20 ने शासनच करतं, पण त्यामागे नकाशासह ग्रामसभेचा ठराव असेल तर नगररचनेच्या सहायक संचालकांच्या कार्यालयात त्या फायलीला निदान पाय फुटतात. नुसता मजकुराचा ठराव कुणी वाचत नाही. गावनकाशावर रंगीत पेनाने वाड्या, पऱ्हे, मोऱ्या, पाखाड्या, अपघात आणि हवा असलेला रस्ता काढा. नववी-दहावीची पोरं शिक्षकांसोबत हे उत्तम करतात.

समुद्राच्या बाजूची गावं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. रेवस–रेड्डी सागरी महामार्गालगत शासनाने 13 विकास केंद्रं ठरवून त्यांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिलं. तुमचं गाव अशा अधिसूचित क्षेत्रात असेल तर परवानगीचं दार वेगळं आणि आराखड्यावर हरकती द्यायची मुदतही वेगळी. ग्रामपंचायतीच्या फलकावर अधिसूचना लागली आहे का ते बघत राहा. खाडीकाठी सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नकाशे बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आणि नव्या द्रुतगती मार्गांच्या नुसत्या रेषा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांवर जमिनी विकू-घेऊ नका. राष्ट्रीय महामार्ग असेल तर भूसंपादनाची खरी सुरुवात राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या 3-ए अधिसूचनेने होते, आणि 3-सी खाली हरकतीला 21 दिवस मिळतात. त्या 21 दिवसांत सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग आणि मोऱ्यांची मागणी लेखी गेली नाही, तर नंतर प्रत्येक मोरीसाठी उपोषणाला बसावं लागतं.

जुन्या रस्त्याचा जो तुकडा वळण काढल्याने बाजूला पडलाय, त्याकडे दुर्लक्ष झालेलं दिसतंय तुमच्या पत्रात. तुम्ही त्याचा उल्लेख फक्त ‘तिथे ट्रकवाले झोपतात’ एवढाच केलाय. अहो, ती तयार रुंदीची सरकारी जागा आहे! असे तुकडे एकदा दुरुस्त करून राज्याच्या बांधकाम खात्याकडे सोपवायचे असतात. पाठपुरावा केला नाही तर दोन्ही कार्यालयं ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात आणि तोवर तिथे टपऱ्या पडतात. तुमच्या आतल्या रस्त्याचा तो पहिला टप्पा होऊ शकतो. बायपास झाला की गाव मरतं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. झाराप–पत्रादेवी बायपासने सावंतवाडी महामार्गाबाहेर पडली. जाता-जाता चहा घेणारं गिऱ्हाईक गेलं खरं, पण शहरातला रस्ता शहराला परत मिळाला. उलट कणकवलीत महामार्ग शहरावरून उड्डाणपुलाने गेला आणि खालचा भाग गाड्या, भाजीवाले आणि रिक्षा यांनी व्यापला. दोन्ही ठिकाणी एक दिवस उभं राहून बघा, मग ठरवा.

राहिले स्टॉल. महामार्गाच्या कडेला छत्र्या लावून आंबा विकणाऱ्या बायकांना उठवून लावायला मी सांगणार नाही. एप्रिल-मेचे ते पैसे वर्षभराचा किराणा आणि शाळेची फी भागवतात. पण गाडी ऐंशीच्या वेगात येते, पेटी दिसली की चालक कचकन ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर आदळतो. जुन्या रस्त्याच्या त्याच तुकड्यावर, दोन्ही टोकांना एकदिशा प्रवेश ठेवून, ग्रामपंचायतीने पंधरा-वीस गाळ्यांची पत्र्याची शेड करावी. सावली, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, आणि महामार्गावर अर्धा किलोमीटर आधी पाटी. गाळे हंगामी भाड्याने, गावातल्या बचत गटांना आधी. गाडीवाला बायका-मुलांसह थांबतो तो स्वच्छतागृहासाठी. आंबा त्यानंतर घेतो. शेडचा नकाशा करताना स्वच्छतागृहाचं सांडपाणी पऱ्ह्यात जाणार नाही एवढं बघा, कारण तोच पऱ्हा खाली पश्चिमेच्या वाडीच्या विहिरीजवळून जातो, असं तुम्हीच लिहिलंय.